पुस्तक चुकलं नव्हतं, बाई

कुमुदबाई, तुम्ही मला फसवलंत. एकदा नाही, लागोपाठ तीन हंगाम. आणि या कारस्थानात तुमचे यजमान आप्पा, माझी बायको सुमन आणि माझ्या वाडीत काम करणारी रामकली, असे तिघंही सामील होते. भाजीच्या धंद्यात मी हातगाडीपासून वर आलो. पोत्याचं तोंड न सोडता आतला बटाटा कसा आहे ते सांगतो. मला गुंडाळणारा माणूस अजून भेटायचा आहे, असं मी आमच्या रांझी वस्तीभर सांगत फिरत होतो. आणि तुम्ही स्टीलच्या डब्यात फुलं भरून सकाळी सकाळी मला गुंडाळत होतात.

इथल्या मराठी मंडळाची माणसं म्हणाली, भाऊराव, अंकासाठी बाईंवर चार ओळी लिहा. तुमचं शिक्षण, खमरियाच्या क्वार्टरमधली वर्षं, शाळेत शिकवलेल्या पोरी, ते सगळं बाकीचे लिहितील. त्यांचं अक्षर चांगलं आहे. मी तक्रार लिहिणार आहे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या नावे लिहून उपयोग नाही.

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तेव्हा माझं दुकान झालं नव्हतं, हातगाडीच होती. तुम्ही विचारलंत, ‘भोपळ्याची फुलं आहेत का?’

‘हव.’

‘थोडी नर द्या, थोडी मादी.’

मी म्हटलं, ‘बाई, भजी करायची आहेत का लग्न लावायचं आहे?’

‘लग्नच लावायचं आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘वर्गात चाळीस पोरी वाट पाहून राहिल्या.’

मी तोंडाला येईल तो भाव सांगितला. तुम्ही एक मादी फूल उचललंत, त्याच्या देठाशी असलेला बोराएवढा भोपळा माझ्या नाकासमोर धरलात आणि म्हणालात, ‘हा तोडून तुम्ही आपला पाच किलोचा भोपळा घालवला. हा मूर्खपणा तुमचा, अन् भरपाई माझ्याकडून?’ गाडीभोवतीची गिऱ्हाइकं हसली. मला राग आला आणि तुम्ही आवडलात, दोन्ही एकदमच. त्यानंतर आपलं जे भांडण सुरू झालं ते या होळीपर्यंत चाललं.

तुम्ही रिटायर होऊन रांझीला घर बांधलं आणि रोज दुपारी दुकानात येऊन उलट्या क्रेटवर बसायला लागलात. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी भाजीवर पाणी मारायचो आणि तुम्ही मला शिकवायचात. मी आठवी नापास, हे तुम्हाला माहीत होतं, पण शिकवताना तुम्ही कधी आवाज बारीक केला नाही, की लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलला नाहीत. एक दिवस मी विचारलं, ‘फुलात परागकण पडला की फळ लागतं, एवढं मला कळते. पण तो पडतो वरती टोकावर, अन् बी असते खाली पोटात. मग तो आत जातो कसा?’

तुम्ही क्रेट पुढे ओढलंत. वरचं टोक, ज्याला तुम्ही कुक्षी म्हणता, ते चिकट असतं. परागकण तिथे चिकटतो, ओल पिऊन फुगतो आणि त्याला एक नळी फुटते. ती नळी फुलाच्या दांड्यातून वाट काढत खाली अंडाशयापर्यंत उतरते. एका टोकावर शेकडो कण पडतात, सगळ्यांच्या नळ्या एकदमच धावत सुटतात, पण एका बीजांडात एकच नळी शिरते. परक्या जातीचा कण आला तर फूल त्याला बहुतेक दारातच थांबवतं.

‘म्हणजे मंडीच आहे,’ मी म्हटलं. ‘ओळख पाहून आत घेणार, अन् जो पहिले पोहोचला त्याचा माल.’

‘पुढे ऐका. त्या नळीतून दोघं जण उतरतात, नराच्या दोन पेशी.’

‘दोघं काहून? काम तर एकाचं.’

‘एक बीजांडातल्या अंड्याशी जुळतो, त्याचं रोप होतं. दुसरा तिथल्याच दुसऱ्या पेशीशी जुळतो. त्यातून त्या रोपाचं खाणं तयार होतं. भ्रूणपोष म्हणतात त्याला.’

मी पाणी मारायचा थांबलो. ‘थांबा जी. म्हणजे सौदा पक्का झाल्याशिवाय झाड डबा भरतच नाही?’

मला वाटलं, आठवी नापास माणूस काहीतरी भलतंच बोलला. मग तुम्ही म्हणालात, ‘इतकी वर्षं शिकवून राहिली मी. इतक्या सोप्या शब्दांत मला स्वतःला नाही सांगता आलं. नाही भरत. फुकट खर्च करत नाही. आधी जुळणी, मग डबा. आणि डबा बऱ्याचदा लेकराच्या आधी वाढायला लागतो.’

‘शहाणं आहे झाड.’

‘गव्हाचं पीठ म्हणजे तोच डबा, भाऊराव. खोबरं म्हणजे तोच.’

‘बाप्पा! म्हणजे आपण जन्मभर दुसऱ्याच्या लेकराचे डबे खाऊन राहिलो?’

त्या दिवशी तुम्ही एवढ्या हसलात, की शेजारचा चप्पलवाला बाहेर येऊन पाहायला लागला. मात्र त्या दुसऱ्यावरून आपलं भांडण झालं ते झालंच. मी म्हटलं, पहिल्याचं ठीक आहे, त्याचा वंश चालतो. दुसऱ्यानं एवढी वाट काढायची, मरायचं, आणि मिळवायचं काय? लेकरू दुसऱ्याचं, डबा याचा, नाव कुणालाच माहीत नाही. हा सौदा मी केला नसता. तुम्ही म्हणालात, पोहोचला आणि उपयोगाला आला, अजून काय पाहिजे? मी म्हटलं, हे शाळेत सांगायला बरं आहे. वर्षातून चार वेळा तरी आपण यावर भांडलो. मी माझा मुद्दा सोडलेला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

आता परवल. नागपूरच्या पलीकडच्या लोकांसाठी सांगतो, परवल म्हणजे पडवळ नाही. तोंडल्याचा धिप्पाड भाऊ समजा, हिरवा, पट्टेदार. इकडे उन्हाळाभर त्याला मागणी. शहराबाहेर मी थोडी जमीन घेतली आणि तिथे परवल लावायचं ठरवलं. परवलाचं बी पेरत नाहीत, जुन्या वेलाचे तुकडे आणून लावतात. त्यासाठी मी मझौलीला एका बागवानाकडे गेलो. तो म्हणाला, ‘भैया, दस मादा पर एक नर लगाना पड़ेगा।’ मी विचारलं, नर फळतो का? म्हणाला, फळत नाही. मग तो विकत घ्यायला मी काय वेडा आहे? जो माल खपत नाही तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची ही युक्ती मी स्वतः शंभर वेळा केलेली. भोपळ्याचे नर आणि मादी एकाच वेलावर येतात, ते मला माहीत होतं. परवलात नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा, हे ऐकूनसुद्धा मी ऐकलं नाही. तासभर घासाघीस केली, नर सगळे बाजूला काढायला लावले आणि निवडून नुसते मादी वेल घेऊन आलो.

संध्याकाळी फुशारकीनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही कपाळाला हात लावलात. ‘अहो, मांडव घातला अन् नुसत्या नवऱ्या मुली बोलावल्या तुम्ही!’

‘चलो, तुम्ही अन् तो बागवान एकच.’

‘एकही फळ धरणार नाही.’

‘पाहू ना.’

दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि आप्पा बसने मझौलीला गेलात आणि मी नाकारलेले नर वेल घेऊन आलात. त्यातले चार मला द्यायला आलात, फुकट. मी म्हटलं, फुकट असले तरी जागा खातील, पाणी खातील. बिनफळाचा वेल माझ्या वाडीत दिसला तर मी उपटून फेकीन. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी वर हेही म्हटलं, की तुमचं पुस्तक शाळेत ठेवा, बाई, इथे धंदा चालतो. तुम्ही वेल उचलले आणि घरी गेलात. आठ दिवस दुकानात फिरकला नाहीत. ते वेल तुम्ही आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर चढवलेत. पुढे तीन वर्षं मी तुमच्या फाटकाशी उभा राहून ओरडायचो, ‘बाई, तुमच्या वेलाला एक परवल नाही, अन् मला शिकवता!’ तुम्ही म्हणायचात, ‘मला फुलं आवडतात हो.’

पहिल्या उन्हाळ्यात वाडीत फुलं आली, आणि चिमुकले परवल पिवळे पडून गळायला लागले. माझं डोकं फिरलं. मी रामकलीवर ओरडलो. म्हटलं, पाणी देत नाहीस, झोपा काढतेस, आठ दिवस पाहतो, नाही तर वेल उपटून टाकीन, आणि तू दुसरं काम शोध. ती रडत तुमच्याकडे आली होती, हे मला आत्ता कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की आठ दिवसांत परवल टिकायला लागले. मग असे लागले, की तोडता तोडता रामकलीचे हात दुखायचे.

मी काय केलं, ते तुम्हाला आठवतच असेल. गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला टोपलंभर परवल घेऊन आलो. पंगत बसली होती. सगळ्यांसमोर टोपलं तुमच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, ‘म्हणा, बाई. पुस्तक चुकलं.’ आप्पा वाढता वाढता थांबले. सुमननं माझी बाही ओढली. तुम्ही एक परवल उचललात, उलटापालटा करून पाहिलात आणि म्हणालात, ‘हव, भाऊराव. पुस्तक चुकलं.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोनदा जिलबी घेतली.

पुढची दोन वर्षं प्रत्येक गणपतीत तुम्हाला मी हेच म्हणायला लावलं. आता आठवलं की कान तापतात.

होळीनंतर आठ दिवसांनी तुम्ही गेलात. तेरवी झाली. चैत्रात वाडी पांढऱ्या फुलांनी भरली, झालरी लावल्यासारखी. प्रत्येक फुलाखाली शेंगदाण्याएवढा परवल. चार दिवसांनी ते पिवळे, पाचव्या दिवशी खाली पडलेले. मंडीतून येतो तर जमिनीवर नुसता सडा. मी फाटकातूनच सुरू झालो.

‘रामकली! पानी काहे नहीं दिया?’

‘रोज दे रहे हैं, भैया।’

‘खाद?’

‘खाद भी।’

‘तो फिर ये क्या है?’

इतक्या वर्षांत ती कधी मला उलटून बोलली नव्हती. तिनं विळा खाली टाकला, कमरेवर हात ठेवले. ‘दीदी नहीं रहीं, तो फूल कौन छुआएगा? आप?’

‘कौन-सा फूल?’

तिला कळलं की तोंडातून निघून गेलं. मग ती बांधावर बसली आणि सगळं सांगितलं. मी पहाटे मंडीत असतो. त्या वेळेला तुम्ही आणि आप्पा स्कूटरवर वाडीत यायचात. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली नर फुलं, तुमच्या भिंतीवरची. पाकळ्या मागे करायच्या आणि नराचा पराग मादीच्या टोकाला लावायचा. एक ओळ तुम्ही, एक रामकली. गुडघे दुखायचे म्हणून तुम्ही पाट घेऊन यायचात. एका दिवसाआड, मौसम संपेपर्यंत, तीन वर्षं. आणि मी लोकांना सांगत होतो, रिटायर लोकांचं बरं आहे, स्कूटरवर बसून मॉर्निंग वॉकला जातात.

घरी आलो. सुमन पोळ्या लाटत होती.

‘तुला माहीत होतं?’

तिनं ‘काय?’ म्हणून विचारलं नाही. ‘हव.’

‘पहिल्यापासून?’

‘हव.’

‘काहून नाही सांगितलं?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी रागानं वेल उपटले असते. जेवायला बसा.’

दुसऱ्या दिवशी मी मंडीला गेलो नाही. आजारी नसताना मंडी चुकवली असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. उजाडत होतं. तुमच्या फाटकाशी आलो तर आप्पा स्टुलावर उभे राहून फुलं तोडत होते आणि खाली डबा उघडा होता.

‘आप्पा, हे काय?’

‘एका दिवसाआड तोडतो.’

‘अन् मग?’

‘मग काय. दुपारपर्यंत कोमेजतात, फेकून देतो. तिनं तोडायला सांगितलं होतं. थांबवायचं तिनं सांगितलं नाही.’

मी डब्याला झाकण लावलं. मग म्हटलं, ‘स्कूटर काढा.’

वाडीत आप्पांनी मला शिकवलं. मी फूल पकडलं तर ओरडले, ‘हळू! भाव नाही करायचा, नुसतं लावायचं आहे.’ माझी बोटं पोती उचललेली, जाड. पहिली दोन फुलं मोडली. रामकली पदर तोंडावर धरून हसत होती. तिसऱ्या फुलाला जमलं. एवढंसं पिवळं चूर्ण, टोकाला लागलं की दिसतसुद्धा नाही. माझा सगळा संसार ज्या मालावर उभा आहे, तो इथून सुरू होतो, आणि मी पन्नाशी ओलांडेपर्यंत ते हात लावून पाहिलं नव्हतं. दिवसभर दुकानात लक्ष नव्हतं. गिऱ्हाईक भाव विचारत होतं आणि मी मनात मोजत होतो, आता फुगला असेल, आता नळी फुटली असेल, आता दोघं उतरत असतील. एका बाईला मी भेंडी तिनं मागितलेल्या भावात देऊन टाकली. सुमनला वाटलं मला ताप आलाय.

पाचव्या दिवशी गेलो. ज्यांना हात लावला होता ते हिरवेच होते, बोटाएवढे झालेले. ज्यांना नाही लावला ते खाली पडलेले. दोन ओळींत एवढा फरक, की आंधळ्यालाही कळला असता. मी बांधावर बसलो आणि बाई, खोटं कशाला सांगू, मला आधी आनंदच झाला. शाळेत नापास झालेल्या पोराला पेपर परत तपासून पास केल्यासारखं वाटलं. तुम्हाला सांगायला जावं म्हणून उठलोसुद्धा.

आता यापुढे आप्पा आणि मी जातो. पुढच्या लागवडीला मी नर वेल वाडीतच लावणार आहे, दहाला एक, तो बागवान म्हणाला तसे. आप्पांना स्कूटरवरून न्यायचं मात्र थांबवणार नाही. आणि यंदाच्या पंगतीत उभा राहून मी म्हणणार आहे, पुस्तक बरोबर होतं, चुकलो मी. लोक टाळ्या वाजवोत नाहीतर हसोत.

पण त्यानं माझी तक्रार मिटत नाही. रामकलीचं काम वाचवायला पहिल्या वर्षी तुम्ही गप्प राहिलात, हे मी मान्य करतो. तेव्हा मी ऐकलं नसतं. पण दुसऱ्या वर्षी? तिसऱ्या? रोज दुपारी समोरासमोर बसत होतो आपण. एकदा म्हणायचं होतं, भाऊराव, उद्या मंडी सोडून वाडीत या. मी ओरडलो असतो. दोन दिवस तुमच्याशी बोललो नसतो. तिसऱ्या दिवशी तुमच्या फाटकाशी येऊन उभा राहिलो असतो, माफी मागायला. तेवढं मला येतं. सगळ्या रांझीसमोर तीनदा तुम्ही खोटं बोललात आणि मला जिंकवलंत, तुम्ही असताना हरायला मिळालं नाही मला.

मी तिघांनाही धरलं. आप्पा म्हणतात, तिलाच विचारा. सुमन म्हणते, तुमच्या तोंडाला कोण लागेल. रामकली म्हणते, दीदी को मज़ा आता था, भैया. एकाचंही मी ऐकून घेत नाही. माझ्यानं हार सोसवणार नाही, असं तुम्ही काहून ठरवलंत? तुम्ही मला ओळखत होतात, बाई. जबाब तुम्हीच द्यायचा आहे. द्या.